तलाव एक, सरकारी नावं दोन: क्लार्क्स हिल आणि थर्मंडची भानगड

अमेरिकेत सव्हाना नावाची नदी आहे. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिना या दोन राज्यांची हद्द म्हणजे हीच नदी, आणि ऑगस्टा शहराच्या (हो, तेच गोल्फवालं ऑगस्टा) साधारण ३५ किलोमीटर वरच्या अंगाला तिच्यावर एक मोठं धरण बांधलेलं आहे. धरणामागच्या पाण्याला केंद्र सरकारच्या कागदावर म्हणायचं जे. स्ट्रॉम थर्मंड लेक. आणि जॉर्जिया राज्याच्या कागदावर म्हणायचं क्लार्क्स हिल लेक. म्हणजे एक नाव सरकारी आणि दुसरं लोकांच्या तोंडातलं, असा साधा मामला नाहीये हा, दोन्ही नावं सरकारीच आहेत, दोन्ही अधिकृत आहेत आणि दोन्ही एकाच पाण्याची आहेत. हे कसं काय चालतं? कोर्टात भांडणं होत नाहीत का? आणि मुळात नाव बदलतं कोण, कसं, बदलल्यावर नक्की काय बदलतं, तेच आज जरा निवांत बघू.

आधी तलावाबद्दल. १९४४ मध्ये अमेरिकेत पूरनियंत्रणाचा एक मोठा कायदा झाला, त्यात देशभरातल्या कितीतरी धरणांना एका दमात मंजुरी मिळाली, त्यातलंच हे एक. १९४६ ला काम सुरू झालं, १९५४ ला पूर्ण. बांधलं आणि आजही चालवतं ते लष्कराचं इंजिनिअर दल, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स. आपल्याला ऐकायला विचित्र वाटतं, पण तिकडे बरीचशी धरणं हे लष्कराचे इंजिनिअरच सांभाळतात, बोटिंगच्या धक्क्यापासून कॅम्पिंगच्या बुकिंगपर्यंत सगळं. पूर्ण भरलं की पाण्याखाली साधारण ७१ हजार एकर जमीन जाते, आणि काठ इतका वेडावाकडा, फाटे फुटलेला आहे की नुसत्या काठाची लांबी सुमारे १,२०० मैल भरते. एवढ्या काठावर किती पाट्या असतील याचा अंदाज करा, तो मुद्दा पुढे लागणारे.

क्लार्क्स हिल हे साउथ कॅरोलिनाच्या बाजूचं एक छोटंसं गाव. धरणाला जवळच्या गावाचं नाव देणं ही इंजिनिअर लोकांची नेहमीची पद्धत, तिकडेही आणि इकडेही. गंमत म्हणजे मंजुरीच्या कागदात कारकुनी चूक होऊन क्लार्क्स हिलचं क्लार्क हिल झालं आणि बरीच वर्षं सरकारी नाव तेच चुकीचं राहिलं. शिवाय जॉर्जियाच्या काठावर एलायजा क्लार्क नावाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सेनानीच्या नावाचं पार्क आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं तलाव त्याच्याच नावाचा. तसं नाहीये. गाव वेगळ्याच क्लार्कचं.

आता थर्मंड कोण? स्ट्रॉम थर्मंड, जन्म १९०२, गाव एजफील्ड, साउथ कॅरोलिना, म्हणजे याच टापूतला माणूस. आधी राज्याचे गव्हर्नर, १९४८ ला वर्णभेद टिकवण्याच्या मुद्द्यावर वेगळी चूल मांडून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि चार राज्यं जिंकली सुद्धा, मग १९५४ ला सिनेटवर गेले ते मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना, लोकांनी हाताने नाव लिहून निवडून दिलं. सिनेटर म्हणजे आपल्या राज्यसभेच्या खासदारासारखा समजा, पण थेट जनतेने निवडलेला आणि ताकद कितीतरी जास्त. १९५७ च्या नागरी हक्क कायद्याला विरोध म्हणून हा माणूस सिनेटमध्ये सलग २४ तास १८ मिनिटं बोलत उभा होता. तो रेकॉर्ड थेट २०२५ मध्ये मोडला, आणि मोडला कोणी तर कोरी बुकर या कृष्णवर्णीय सिनेटरने. थर्मंड २००३ च्या जानेवारीत निवृत्त झाले, वय शंभर, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. डिसेंबरमध्ये एस्सी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या बाई जाहीरपणे पुढे आल्या की मी त्यांची मुलगी, माझी आई त्यांच्या घरी कामाला असलेली कृष्णवर्णीय तरुणी होती. कुटुंबानेही ते मान्य केलं. जो माणूस वर्षानुवर्षं काळ्या-गोऱ्यांनी वेगळं राहावं म्हणून भांडला त्याची ही कथा, त्यामुळे या नावाकडे कोणी तटस्थपणे बघत नाही हे ओघाने आलंच.

तलावाला त्यांचं नाव दिलं १९८७ मध्ये. तारखा जुळवून बघा, तेव्हा ते जिवंत होते आणि नुसते जिवंत नाही तर सिनेटमध्ये बसलेले होते, आणि त्यानंतर पंधरा वर्षं बसून राहिले. म्हणजे ज्या सभागृहाने नाव दिलं त्याच सभागृहाचे ते सदस्य. आणि आणखी एक, तेव्हा सिनेटमध्ये बहुमत त्यांच्या रिपब्लिकन पक्षाचं नव्हतंच, डेमोक्रॅट्सचं होतं. तरी बिल पास झालं.

कसं काय, तर ही नावं देण्याची बिलं कशी पास होतात ते बघितलं की कोडं सुटतं. केंद्राच्या धरणाचं नाव बदलायचं तर काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा, कायदा लागतो. कोणीतरी खासदार एक दोन पानांचं बिल मांडतो, ते सार्वजनिक बांधकामाच्या कमिटीकडे जातं, कमिटी फार खळखळ करत नाही, मग खालच्या सभागृहात अशी बिलं नेहमीचे नियम बाजूला ठेवून झटपट घेतात आणि बहुतेकदा आवाजी मतदानाने मोकळी करतात, वरच्या सभागृहात कोणाचा आक्षेप नाही ना असं विचारून मंजूर, की राष्ट्राध्यक्षांची सही. कुठे मोठी चर्चा नाही, बजेटमध्ये नाव घेण्यासारखा खर्च नाही, कोणाचा कर वाढत नाही. अशा वेळी उठून सहकाऱ्याच्या नावाला विरोध कोण करणार? उद्या आपलं बिल त्याच्याकडे अडकलं तर? पक्ष कुठलाही असो, हा हिशोब सगळ्यांना कळतो. माझ्या मते नाव देणं हे संसदेतलं सगळ्यात स्वस्त चलन आहे, देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणारा जन्मभर लक्षात ठेवतो.

आणि धरणांनाच खासदारांची नावं एवढी का? कारण धरणाला पैसे आणतो खासदार. इंजिनिअर आराखडा करतो, पण निधीच्या बिलात आपल्या नदीचं नाव घुसवायला वर्षानुवर्षं कमिटीत बसून चिकाटी लागते. टेक्सासचे सॅम रेबर्न, टेनेसीचे पर्सी प्रीस्ट, नॉर्थ कॅरोलिनाचे जॉन कर, जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, या सगळ्यांच्या नावाने मोठाले तलाव आहेत. यातलं रसेल नाव तर थर्मंडच्या अगदी डोक्यावर आहे, म्हणजे याच सव्हाना नदीवर लगेच वरच्या बाजूला रिचर्ड बी. रसेल लेक, आणि त्याच्याही वर हार्टवेल. आधी त्या प्रकल्पाचं नाव होतं ट्रॉटर्स शोल्स, पण १९७१ मध्ये सिनेटर रसेल वारले आणि नाव त्यांचं झालं. तेही नागरी हक्कांचे कट्टर विरोधक. म्हणजे एका नदीवर लागोपाठ दोन तलाव, एकावर जॉर्जियाचा सिनेटर आणि दुसऱ्यावर साउथ कॅरोलिनाचा.

जिवंत माणसाचं नाव द्यायला काही नियम नाही का, असा प्रश्न येईल. आहे, पण त्याला पळवाट आहे. भौगोलिक नावं ठरवणारं एक केंद्रीय बोर्ड १८९० पासून आहे, त्यांचं धोरण असं की एखाद्या डोंगराला, ओढ्याला माणसाचं नाव द्यायचं तर तो माणूस जाऊन किमान पाच वर्षं झालेली असावीत. बरं धोरण आहे, मेल्यावर पाच वर्षांत माणसाबद्दल बरंच काही बाहेर येतं (थर्मंड यांच्या बाबतीत सहा महिन्यांत आलं). पण हे धोरण बोर्डापुरतं. काँग्रेसने कायदा केला की बोर्ड मुकाट्याने नोंद करतं. पुढे खालच्या सभागृहाने स्वतःच्या नियमांत घालून घेतलं की पदावर असलेल्या खासदाराचं किंवा सिनेटरचं नाव सार्वजनिक बांधकामाला देणारं बिल विचारात घ्यायचं नाही. शहाणपण उशिरा आलं म्हणायचं.

आता मुख्य गाठ सोडवू, एका तलावाला दोन सरकारी नावं कशी. नाव बदलण्याच्या या कायद्यांचा एक साचा ठरलेला असतो. पहिलं वाक्य, अमुक धरण आणि जलाशय यापुढे तमुक नावाने ओळखला जाईल. दुसरं वाक्य, अमेरिकेच्या कुठल्याही कायद्यात, नकाशात, नियमात, दस्तऐवजात किंवा नोंदीत जुनं नाव आलं असेल तर ते नवंच नाव आहे असं समजावं. हे दुसरं वाक्य फार कामाचं, कारण त्यामुळे चाळीस वर्षांचे करार, वीज विकण्याचे कागद, जमीन संपादनाच्या नोंदी यातलं काहीही पुन्हा लिहावं लागत नाही. पण त्यात "अमेरिकेच्या" या शब्दाचा अर्थ आहे केंद्र सरकारच्या. राज्याच्या कागदाबद्दल कायदा एक अक्षर बोलत नाही. आणि बोलला असता तरी अडचण होती, कारण तिकडे राज्यं म्हणजे केंद्राची शाखा कार्यालयं नाहीत, राज्याच्या खात्यांना केंद्र सरळ हुकूम देऊ शकत नाही, सुप्रीम कोर्टानेही १९९० च्या दशकात हे दोनदा ठणकावून सांगितलंय. केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्यापेक्षा वरचढ हे खरं, पण ते दोघांची टक्कर झाली तर. इथे टक्करच नाही. केंद्र म्हणतं आमच्या वहीत थर्मंड, जॉर्जिया म्हणतं बरं, आमच्या वहीत क्लार्क्स हिल.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवीन नाव लिहितात ना, मग बँकेत, आधारवर सासरचं नाव लागतं, आणि माहेरी गेली की जुन्याच नावाने हाक, अगदी तसंच झालंय हे. जॉर्जिया म्हणजे माहेर. फक्त इथे माहेरच्यांनी ठरावच करून ठेवलाय की आम्ही तर बाई जुन्याच नावाने बोलावणार.

आणि जॉर्जियाचं म्हणणं मला तरी पटतं. अर्धा काठ त्यांचा, गेलेली जमीन त्यांचीही, आणि नाव मात्र पलीकडच्या राज्याच्या, तेव्हा पदावर असलेल्या सिनेटरचं. बुडालेल्या जमिनीवरून आठवलं, जॉर्जियाच्या बाजूला, ब्रॉड नदी जिथे सव्हानाला मिळते तिथे पीटर्सबर्ग नावाचं गाव होतं, एकेकाळी तंबाखूच्या व्यापारामुळे जॉर्जियातल्या मोठ्या गावांमध्ये त्याची गणना व्हायची, आणि १८१३ ते १८१६ या काळात जॉर्जियाचे दोन्ही सिनेटर, चार्ल्स टेट आणि विल्यम बिब, याच एका गावचे होते. प्रत्येक राज्याला दोनच सिनेटर असतात, ते दोघंही एका गल्लीतले! पुढे तंबाखूचा धंदा गेला, गाव ओस पडलं, आणि धरण झाल्यावर जे काही उरलं होतं ते पाण्याखाली गेलं. म्हणजे एका वेळी दोन सिनेटर देणारं गाव ज्या तलावाच्या पोटात आहे त्या तलावाला नाव मिळालं तिसऱ्याच सिनेटरचं. यावर मी काही वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

ही एकच केस असती तर सोडून दिलं असतं, पण दुसरीही आहे. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर रोनोक नदीचं धरण, त्याच १९४४ च्या कायद्यातलं. मूळ नाव बग्ज आयलंड, धरणाच्या खालच्या बाजूच्या एका बेटावरून. काँग्रेसने नाव दिलं जॉन एच. कर यांचं, ते नॉर्थ कॅरोलिनाचे खासदार. धरणाची भिंत मात्र व्हर्जिनियात. झालं, नॉर्थ कॅरोलिनावाले म्हणतात कर लेक, व्हर्जिनियावाले आजही म्हणतात बग्ज आयलंड लेक. दोन राज्यांच्या मधलं पाणी आणि एका राज्याचा पुढारी, हे जमलं की भांडण ठरलेलं.

मग सगळीच बदललेली नावं अशी लटकतात का? नाही. आणि इथे मला एक गोष्ट दिसते. नॅशव्हिलजवळचा पर्सी प्रीस्ट लेक बघा. त्याचं आधीचं नाव होतं स्ट्यूअर्ट्स फेरी, प्रीस्ट १९५६ ला वारले, १९५८ ला नाव बदललं, आणि तलाव भरला १९६० च्या दशकात. आज स्ट्यूअर्ट्स फेरी तलाव म्हणलं तर लोक बघत राहतील. टेक्सासचं सॅम रेबर्न धरण तसंच, आधी मॅगी बेंड, रेबर्न १९६१ ला गेले, १९६३ ला नाव बदललं, काम तेव्हा चालूच होतं. रसेलचंही नाव पाणी अडण्याआधीच बदललेलं. म्हणजे पाणी यायच्या आधी नाव दिलं तर ते टिकतं, कारण लोकांच्या आठवणी तयार व्हायच्या असतात. क्लार्क्स हिलला नाव बदललं तेव्हा धरण पूर्ण होऊन ३३ वर्षं झालेली. एक आख्खी पिढी तिथे पोहायला शिकली, मासे धरले, लग्नाचे फोटो काढले, आणि मग वॉशिंग्टनहून निरोप की नाव बदललंय. कोण ऐकणार?

तुम्ही म्हणाल हूवर धरणाचं काय, ते तर नंतर बदललं. खरंय, पण त्याची गोष्ट उलटी आहे. १९३० मध्ये मंत्री रे लायमन विल्बर यांनी काम सुरू होतानाच हूवर नाव जाहीर केलं, तेव्हा हूवर राष्ट्राध्यक्ष होते. १९३३ ला सरकार बदललं, नवे मंत्री हॅरोल्ड इकीज यांनी ते बोल्डर धरण करून टाकलं, आणि १९४७ ला काँग्रेसने ठराव करून पुन्हा हूवर केलं, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली. म्हणजे ते पहिल्याच नावावर परत आलं. आणि हो, तिथे भिंतीचं नाव वेगळं आणि मागच्या पाण्याचं वेगळं, पाण्याला म्हणतात लेक मीड, धरणं बांधणाऱ्या खात्याचे प्रमुख एलवूड मीड यांच्यावरून.

धरण एक आणि जलाशय एक अशी दोन नावं आपल्याला नवीन नाहीत. उजनीचा जलाशय यशवंतसागर, यशवंतराव चव्हाणांच्या नावाचा, जायकवाडीचा नाथसागर, कोयनेचा शिवाजीसागर. पण मे महिन्यात बातमी काय येते, "उजनी मायनसमध्ये". यशवंतसागर मायनसमध्ये गेला असं मी तरी कधी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. याउलट मुंबईत मोडकसागर नाव पक्कं बसलंय, आणि ते पुढाऱ्याचं नाही तर इंजिनिअर मोडकांचं. मला वाटतं त्याला एक व्यवहारी कारणही आहे, मोडकसागर ज्या वैतरणा नदीवर आहे तिच्यावर खालचं, मधलं, वरचं अशी तीन धरणं आहेत, त्यामुळे वेगळं नाव उपयोगाचं पडतं. मधल्याला बाळासाहेब ठाकरेंचं नाव दिलंय, पण रोजच्या पाणीसाठ्याच्या यादीत मध्य वैतरणा असंच येतं.

परत सव्हानाकडे. नाव बदलल्याने काय बदललं नाही ते एकदा सांगतो, कारण लोकांचा इथे गैरसमज होतो. मालकी बदलली नाही, ती केंद्राची होती आणि आहे. पूर्ण भरल्याची पातळी समुद्रसपाटीपासून ३३० फूट, ती तेवढीच. दोन्ही राज्यांचे पाण्यावरचे हक्क, काठावरच्या घरमालकांचे धक्क्याचे परवाने, विजेचे करार, सगळं जसंच्या तसं. बदलल्या त्या केंद्राच्या पाट्या, नकाशे, लेटरहेड आणि माहितीपत्रकं. इंजिनिअर दलाने तर त्यातही मधला मार्ग काढला, ते स्वतःच लिहितात, जे. स्ट्रॉम थर्मंड डॅम अँड लेक ॲट क्लार्क्स हिल. सरकारी माणसाची हुशारी आहे ही, कायदाही पाळला आणि फोनवर रोज उत्तरं देण्याचा त्रासही वाचवला.

मग हे नाव पुन्हा बदलेल का? २०२० नंतर अमेरिकेत वर्णभेदाशी जोडलेल्या नावांची झाडाझडती सुरू झाली, आणि ऑगस्टाने तर ते अगदी शेजारी बघितलं. तिथला लष्करी तळ फोर्ट गॉर्डन, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरलच्या नावाचा (तोही नंतर जॉर्जियाचा सिनेटर झाला होता), २०२३ ला फोर्ट आयझेनहॉवर झाला, आणि २०२५ ला परत फोर्ट गॉर्डन, पण या वेळी सांगितलं की हे गॉर्डन वेगळे, सोमालियात १९९३ ला मारले गेलेले सैनिक गॅरी गॉर्डन. पाटी तीच, माणूस दुसरा. तलावाच्या बाबतीत अशी युक्ती चालणार नाही, स्ट्रॉम थर्मंड दुसरा कुठून आणणार. तिथे सरळ नवीन कायदाच लागेल, तो काँग्रेसमधूनच यावा लागेल, आणि साउथ कॅरोलिनाच्या खासदारांचा पाठिंबा नसेल तर अशा बिलाला कमिटीतच झोपवतात, कारण दुसऱ्याच्या मतदारसंघातल्या नावात आपण पडायचं नाही हा तिथला अलिखित रिवाज. ज्या सहजतेने नाव लागलं त्या सहजतेने ते निघत नाही, लावताना कोणी नाराज होत नव्हतं, काढताना कोणीतरी नक्की होतं.

तिकडे अटलांटाकडे कोणी राहत असेल आणि वीकेंडला मासे धरायला जायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा, जॉर्जियाच्या मासेमारीच्या नियमांत हा तलाव क्लार्क्स हिल नावाने आहे, साउथ कॅरोलिनाच्या नियमांत थर्मंड नावाने, आणि कॅम्पिंगचं बुकिंग केंद्राकडे करायचं तर तिथेही थर्मंडच टाका.